तबकडीतला 'च'

तबकडी ऐकावयाची तर तबकडी, तिला फिरविणारे यंत्र आणि आवाज वाढविणारे यंत्र एवढ्या तीन गोष्टी पुरेत, अशी आपल्या पिढीतील बहुतेकांची समजूत असेल. आमच्या रामाकोन्याच्या घरात तरी ती होती आणि त्या काळापुरती ती खरीही होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नागपुराहून आणलेला व्हॉल्व्हचा रेडिओ दिवाणखान्यात असे. त्याच्या पाठीशी 'ग्राम' असे लिहिलेली दोन भोके होती. तबकडीयंत्राची तार त्या भोकांत खुपसली की रेडिओच गाऊ लागे. मध्ये आणखी काही लागते हे आम्हांला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या यंत्रांतील सुईच्या मागे एक स्फटिक बसविलेला असे. सुई थरथरली की स्फटिक दाबला जाई, दाबला गेला की वीज देई, आणि ती इतकी भरपूर असे की रेडिओ ती थेट घेई. खर्ज आणि तार यांचा तोलही तो आपल्या स्वभावानेच बराचसा सांभाळी. मात्र हा स्फटिक रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा. त्याला ओल सोसत नाही आणि फार ऊनही सोसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे पावसाळे आणि उन्हाळे त्याने किती दिवस सोसावेत? काही वर्षांनी आवाज बसे आणि दादा नवा तुकडा आणावयास छोट्या गाडीने नागपूरला जात.

ती छोटी गाडीही आता नाही. अडीच फुटी रुळांवरून सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर असे थांबे घेत ती कन्हानच्या काठी आमच्या गावी येई आणि मग घाट चढून छिंदवाड्यास जाई. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे त्याच मार्गावर मोठी गाडी आली. दादांच्या संग्रहातील दोनशेहून अधिक तबकड्या त्या छोट्या गाडीनेच आल्या. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची, हातातून सुटली तर काचेसारखी फुटणारी. म्हणून दादा ती मांडीवर घेऊन बसत आणि सोबतच्या प्रवाशांस पाय आवरून बसावयास सांगत, असे माई अजूनही सांगते. लाख म्हणजे आपल्याच पळसावर, बोरीवर, कुसुमावर पोसणाऱ्या किड्याची. ती दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मळून कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यात तबकड्या ठोकल्या जात. फाल्गुनात इथला डोंगर पळसाने पेटलेला दिसला की मला हटकून त्या काळ्या तबकड्या आठवतात.

एवढे प्रास्ताविक अशासाठी की गेल्या वर्षी मुलाने मला नवे तबकडीयंत्र आणून दिले आणि त्यासोबत तळहाताएवढी एक लोखंडी पेटीही आली. ती पाहून माझ्या वडील बहिणीने, माईने, पहिला प्रश्न केला तो "हे कशाला?" असा. माझे उभे आयुष्य भौतिकशास्त्र शिकविण्यात गेले, त्यामुळे तिला उत्तर देण्याची संधी मी सोडली नाही. वाचकांनीही थोडे सोसावे.

नव्या यंत्रातील सुईच्या मागे स्फटिक नसतो, लोहचुंबकाचा कण आणि तारेची वेटोळी असतात. अशा सुईतून निघणारी वीज तीन ते पाच मिलीव्होल्टांच्या घरातली. आवाज वाढविणाऱ्या यंत्रास काहीशे मिलीव्होल्ट हवे असतात. तेव्हा मध्ये कोणीतरी ती सुमारे शंभर पटीने वाढविली पाहिजे. हे त्या पेटीचे, फोनो प्रीअ‍ॅम्पचे, पहिले काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी डावी-उजवीकडे झोके घेईल की ती शेजारच्या खाचेत शिरेल. म्हणून खर्ज मुद्दाम दाबून कोरतात. उलट तारस्वर इतके बारीक की ते तबकडीच्या स्वतःच्या खरखरीत बुडावेत. म्हणून ते मुद्दाम वाढवून कोरतात. वाजविताना हा सगळा व्यवहार उलटा करावयाचा असतो: दाबलेले उचलावयाचे आणि वाढविलेले उतरवावयाचे. किती, याचे प्रमाण अमेरिकेतील तबकडी-व्यावसायिकांच्या संघटनेने १९५४ साली ठरवून दिले आणि तिच्या आद्याक्षरांवरून त्याला आरआयएए वळण म्हणतात. या वळणानुसार मधल्या स्वरांच्या तुलनेत वीस कंपनांचा खर्ज सुमारे नऊ पट वाढवावा लागतो आणि वीस हजार कंपनांचा तारस्वर तितकाच खाली आणावा लागतो. जमाखर्चाच्या वहीत एका पानावर नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या पानावर जमा करावी, तसा हा प्रकार. पाने जुळली तर हिशेब बरोबर.

"आणि नाही जुळली तर?" माईने विचारले. तिने आयुष्यभर घराचे हिशेब ठेवले आहेत.

त्या प्रश्नाशी पुढे येतोच. आधी पेटी चालू होण्याचीच पंचाईत होती. शंभर पटीने वाढविणारे यंत्र चांगल्यास जसे वाढविते तसेच वाइटासही. जोडणी केली आणि गाण्याच्या आधी एक अखंड गुणगुण ऐकू येऊ लागली. विजेची कंपने सेकंदास पन्नास, आणि तिच्या दुपटीचा शंभर कंपनांचा सूर म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणजे कोणी न बोलावता घरात एक तानपुरा येऊन बसला होता, आणि गाणारा कोणत्याही पट्टीत गावो, हा आपली पट्टी सोडीत नसे. रात्री संत्र्यांच्या बागांवरचे पंप सुरू झाले की तो अधिकच रंगात येई. तार बदलून पाहिली, पेटी यंत्रापासून दूर ठेवून पाहिली. शेवटी गावातील वायरमनला बोलाविले. त्याने पेटीकडे पाहिलेही नाही. तो परसात गेला, अर्थिंगच्या खड्ड्यावरचे झाकण काढले आणि म्हणाला, "मास्तरसाहेब, हा तर कोरडा ठक्क आहे." वैशाख होता. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतले, मीठ-कोळसा नव्याने भरला, आणि यंत्राची बारीक तार पेटीच्या मागच्या स्क्रूला आवळली. तानपुरेवाला उठून गेला. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घातल्यावर उरलेली बादली त्या खड्ड्यात रिकामी करण्याचा आमच्याकडे नियम झाला आहे.

पहिली तबकडी लावली ती कुमार गंधर्वांची लाँगप्ले. आपल्या प्रदेशातील मराठी घरांना कुमारजींविषयी वाटणारी जवळीक निराळी आहे. ते १९४८ साली क्षयाच्या उपचारांसाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. माळव्याच्या लोकगीतांनी त्यांच्या गाण्यात घर केले. हीच तबकडी मी पन्नासएक वर्षे ऐकीत आलो आहे. नव्या पेटीतून ती लागली आणि गाणे सुरू होण्यापूर्वीच मी थांबलो. तानपुरे दोन आहेत, हे मला आजवर ऐकू आलेच नव्हते. एकाची तार सुटली की दुसऱ्याची उचलते आणि दोघांच्या मध्ये एक तिसराच सूर उभा राहतो. मग कुमारजींचा आवाज आला, आणि दोन तुकड्यांमधला त्यांचा श्वासही आला. आजाराने फुप्फुस अधू झालेला माणूस छोट्या छोट्या तुकड्यांत गाण्याची नवी रीत कशी घडवितो, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ते मी वाचलेले होते. त्या दिवशी तो श्वास कानावर पडला.

माईचे मत वेगळे पडले. ती डोळे मिटून अर्धी बाजू ऐकून म्हणाली, "चांगलंय रे. पण हे फार धुतलेलं वाटतं. आपल्या घरातलं नाही वाटत." मी तिला खर्जाचे आणि तोलाचे पुन्हा सांगू लागलो, तर तिने हात वर केला. "तू बरोबरच सांगत असशील. मला दादा बसलेले असायचे तसं हवं." हे मत मी हसण्यावारी नेत नाही. दादांच्या रेडिओचे टोनचे बटण कायम डावीकडे पूर्ण वळविलेले असे. खरखर ऐकू येऊ नये म्हणून ते तसे करीत आणि त्या काळी सगळेच करीत. माईच्या मनातले गाणे त्या बटणाच्या आतले आहे, जाड, उबदार आणि किंचित घोंगडी पांघरलेले. ते खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

पण घोंगडीखाली काय झाकले गेले होते हे मला कळले ते लाखेच्या तबकड्या लावल्यावर, आणि तेही माझ्या कानांनी नव्हे.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक असलेली सुई लागते. लाँगप्लेची सुई त्याच्या चौथाईएवढी असते आणि ती त्या खाचेच्या तळाशी साचलेल्या पोलादी चुऱ्यातून रांगत जाते. ही दुसरी सुई मुलाने सोबत दिली होती. खरा प्रश्न वळणाचा. आरआयएए वळण आले १९५४ मध्ये. दादांच्या बहुतेक तबकड्या त्यापूर्वीच्या. तेव्हा प्रत्येक कंपनीची कोरण्याची रीत आपापली होती. ढोबळमानाने त्या काळच्या एचएमव्हीच्या तबकड्यांत अडीचशे कंपनांच्या खालचा खर्ज दाबलेला असे आणि तारस्वर मात्र वाढविलेले नसत. अशी तबकडी नव्या वळणातून वाजविली तर काय होईल? कोणी कधी वाढविलेच नव्हते ते तारस्वर पेटी इमानेइतबारे खाली उतरवील. पाच हजार कंपनांपाशी चाळीस टक्क्यांहूनही कमी उरेल आणि दहा हजारांपाशी पाचवा हिस्सा. माईच्या भाषेत, जे कर्ज घेतलेच नाही त्याची परतफेड. आमच्या पेटीला मागल्या बाजूस एक लहान खटका आहे. तो एका अंगास ठेवला की आरआयएए, दुसऱ्या अंगास ७८. पेटी घेताना मुलाने याच खटक्याकडे पाहून ती घेतली होती, याबद्दल त्याला दाद द्यावी लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत भोपाळहून नात आली होती. वय अकरा. घरात मराठी बोलते, पण तिची शाळा, मैत्रिणी, खेळणे, भांडणे सगळे हिंदीत आणि इंग्रजीत. आपणा सर्वांच्या घरांत आता हेच चित्र आहे. कोणी कोणास नवे सांगावयास नको. भोसल्यांच्या कारकिर्दीत आपली घराणी सातपुड्याकडे आली. १९५६ साली नागपूर त्या बाजूस गेले आणि छिंदवाडा या बाजूस राहिला. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हाही झाला. या सर्व उलथापालथीत मराठी टिकली ती घराच्या आत.

नातीला मी तबकड्यांची वही वाचून दाखवावयास दिली. एका ओळीवर ती थबकली आणि म्हणाली, "आजोबा, हे 'शील' कोणाचं गाणं आहे?" ते होते मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेचे गाणे, जी. एन. जोशी यांनी गायिलेले. मराठी भावगीताच्या अगदी आरंभीच्या तबकड्यांत ते मोडते. जोशी पुढे एचएमव्हीत अधिकारी होऊन कितीतरी थोर कलावंतांच्या मुद्रणास बसले. 'शीळ' आणि 'शील' यांतले अंतर तिला समजावून सांगणे अवघड नव्हते. ओठांनी वाजवितात ती एक आणि वागण्यातून दिसते ते दुसरे. ळ निदान लिहिता तरी येतो. तो चुकला तर वही सांगते, चूक दाखविता येते.

त्यानंतर लावली चाळीसच्या दशकातील एका भावगीताची तबकडी. खटका आरआयएएवरच होता. बाईंचा गोड, गोलसर आवाज आला, जसा नेहमी येतो तसा. माई मान डोलावीत होती. मग मी खटका ७८ वर केला. खरखर एकदम वाढली, पाऊस सुरू झाल्यासारखी. माईने कपाळाला आठी घातली. नात मात्र पुढे सरकली. कडवे संपताच ती म्हणाली, "आजोबा, ती 'त्सांदणं' का म्हणते?"

मी सुई उचलली, पुन्हा ठेवली. 'चांदणे' हा शब्द आला. नात बरोबर सांगत होती. बाई 'चांदणे' म्हणत होत्या, दातांमागून येणारा, आपला दंततालव्य च. 'चंद्र' म्हणताना जो च येतो तो नव्हे. खटका पुन्हा मागे केला. शब्द तोच राहिला, पण त्याचे टोक बोथट झाले. आता तो च कोणताही असू शकला असता. नातीने खटका स्वतः चार वेळा इकडून तिकडे केला आणि प्रत्येक वेळी "आता आहे", "आता नाही" असे सांगितले. मला चारातून तीनदा फरक कळला. माईला एकदाही नाही. उतारवयात कानाची उंच कंपने ऐकण्याची शक्ती आधी जाते आणि त्याला इलाज नाही. एकच तबकडी, एकच खोली, आणि तिघे तीन वेगवेगळी गाणी ऐकत होतो.

या च ची गोष्ट सांगितली पाहिजे. 'चार' हा आकडा आणि 'चारा' हे गुरांचे खाणे, दोन्हींत लिपीला च एकच. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहिताना काडीचाही भेद नाही. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ वेगवेगळा, पण पुस्तकात तो सारखाच. मराठी माणसाला हे कोणी शिकवीत नाही, तो ऐकून शिकतो. हिंदीत हे उच्चार नाहीत. म्हणून ज्या मुलाच्या कानावर दिवसाचे चौदा तास हिंदी पडते त्याच्या मराठीतून ते निघून जातात आणि त्याच्या वहीत त्याची कुठेही नोंद होत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकास तो मुलगा निर्दोषच दिसेल. माझ्या मुलाचा 'चांदणे' हिंदी च चा आहे, हे त्या दिवशी रात्री जेवताना माझ्या ध्यानात आले. चाळीस वर्षे तो माझ्यासमोर बोलत आहे.

हा वर्ण तबकडीत राहतो कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. गाणाऱ्याचा सूर, स्वरांची गोलाई, आकार-उकार हे सगळे खालच्या आणि मधल्या कंपनांत असते. दंततालव्य च म्हणजे दातांच्या फटीतून झटक्याने सुटलेली हवा. तिचे बळ चार-पाच हजार कंपनांच्या वर. म्हणजे टोनच्या बटणाने, बोथट सुईने, चुकीच्या वळणाने सर्वांत आधी जातो तो हाच. आणि तबकडीची खरखरही बव्हंशी त्याच वस्तीत राहते. दोघांचा पत्ता एक. दादांच्या बटणाने खरखर घालविली तेव्हा तिच्या शेजाऱ्यालाही घराबाहेर काढले.

मग दादांना त्याची उणीव का जाणवली नाही? मला वाटते, त्यांच्या कानात तो आधीपासूनच होता. दिवसभर घरात, बाजारात, शेतावर तो ऐकू येत होता. तबकडीने निम्मा शब्द दिला की उरलेला निम्मा कान आपल्या पदरचा घालीत असे. माईचा कान आजही तेच करतो. तिला खटक्याने फरक पडला नाही, कारण दोन्ही वेळा तिला 'चांदणे' पुरतेच ऐकू आले. नातीच्या कानात पदरचे घालावयास काही नाही. तबकडी जेवढे देईल तेवढेच तिला मिळणार. तेव्हा पेटीचा खटका कुठे असावा या प्रश्नाला मी आता आवडीनिवडीचा प्रश्न मानीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात गोठ्यात गेली होती. आमच्याकडे गुरांचे पाहणारी बाई तिला सांगत होती, "पोरी, आधी चारा टाक, मग पाणी." नात धावत आली. "आजोबा, त्या मावशी पण तसंच म्हणतात! 'त्सारा'!" ही बाई काळ्याला 'काया' आणि डोळ्याला 'डोया' म्हणते, तिच्या बोलण्यात ळ चा य होतो. आमच्या घरातील जाणत्या मंडळींनी तिच्या बोलीला पूर्वी पुष्कळदा नाके मुरडली आहेत. पण शाळा-कॉलेजांच्या वाटेने आमच्या घरातून निघून गेलेला च तिच्या तोंडी नखभरही झिजलेला नाही. यावर आपल्यासारख्यांनी थोडे गप्प राहून विचार करावा, असे मला वाटले.

आता मुलाशी चाललेल्या वादाविषयी. त्याचे म्हणणे असे की या सर्व तबकड्या संगणकात उतरवून घ्याव्यात, खरखर काढणाऱ्या प्रोग्रॅममधून स्वच्छ कराव्यात आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवाव्यात. पुण्यात, भोपाळात, परदेशात असलेली मंडळी मग ऐकतील. "बाबा, इतकी खरखर कोणी ऐकत नाही. पाच सेकंदांत बंद करतील." यात तथ्य आहे हे मला मान्य करावे लागते. त्याने नमुन्यादाखल दोन तबकड्या तशा करूनही दाखविल्या. पाऊस थांबला होता, गाणे काचेमागे ठेवल्यासारखे दिसत होते. नातीला बोलाविले. तिने ऐकले आणि म्हणाली, "आता नाही." प्रोग्रॅमचाही दोष नाही. सुईची खरखर आणि दातांमागची हवा, दोन्ही त्याच्या लेखी एकच गोंगाट. मराठी त्याला कोणी शिकविलेली नाही.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचे 'द रेकॉर्ड न्यूज' यांनी आपल्याकडे जुन्या तबकड्यांच्या अभ्यासाला वळण लावले. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या जाणकारांचाही दंडक असा की मूळ उतरवलेली प्रत कोणताही साफसफाईचा संस्कार न करता जपावी. स्वच्छ करावयाचे ते तिच्या नकलेवर, कारण एकदा काढलेले परत घालता येत नाही. मी हा दंडक मुलापुढे ठेवला. बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "म्हणजे प्रत्येक तबकडीच्या दोन प्रती?" मी म्हटले, दोन. एक पावसासकट, एक नातेवाइकांसाठी. तो कबूल झाला, पण वेळ लागेल म्हणाला. वेळ लागणारच. एक बाजू साडेतीन मिनिटांची, पण ती धुणे, वाळविणे, सुई तपासणे, दोनदा वाजविणे धरून अर्धा तास जातो.

सर्व तबकड्यांना पेटीचा उपयोग होईल असेही नाही. बालगंधर्वांच्या आरंभीच्या काही तबकड्या आमच्याकडे आहेत. त्या १९२५ नंतर विजेचे मुद्रण येण्यापूर्वीच्या, कर्ण्यासमोर उभे राहून गायिलेल्या. कर्ण्याला त्या उंच कंपनांची पकडच नव्हती. तिथे खटका कोणत्याही अंगास ठेवा, तो च मिळत नाही. नारायणरावांच्या तोंडून तो कसा सुटत असेल, हे ज्यांनी नाटकगृहात ऐकले ते आता राहिले नाहीत. त्या तबकड्या मी वेगळ्या कपाटात ठेवल्या आहेत.

माईसाठी एक सोय केली आहे. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर यंत्र तिच्या ताब्यात असते. तेव्हा खटका आरआयएएवर, ॲम्प्लिफायरचे टोनचे बटण डावीकडे, आणि कोणी काही समजावून सांगावयाचे नाही. मीही त्या वेळी शेजारी बसतो, आणि मला ते गाणे आवडते.

आतापर्यंत एकेचाळीस तबकड्या उतरवून झाल्या. नात सुट्टी संपवून जाण्यापूर्वी त्यांच्या नव्या पाकिटांवर नावे लिहून गेली. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. ती गेल्यावर पाकिटे लावताना माझ्या लक्षात आले की काही अक्षरांखाली तिने एक टिंब दिले आहे, हिंदीत ड़ किंवा ज़ खाली देतात तसे. कुठे च खाली, कुठे ज खाली, एका ठिकाणी झ खाली. चुकून पडलेले असेल म्हणून मी ती सर्व पाकिटे तबकड्यांशी ताडून पाहिली. एकोणीस ठिकाणी टिंब होते. सतरा ठिकाणी ते बरोबर होते, आणि उरलेल्या दोन तबकड्या मी पुन्हा ऐकावयाच्या म्हणून बाजूस काढून ठेवल्या आहेत.